बाटली का फुगते? फळांची बिअर, आल्याचं विरजण आणि आपला कायदा

गेले काही दिवस बचत गटांच्या बायका आम्हाला एकच प्रश्न फिरून फिरून विचारताहेत. जांभळं पायाखाली जातात, करवंदांना भाव नाही, कोकमाची आमसुलं करून करून कंटाळा आला. आणि मोबाईलवर तर घरच्या घरी ‘फ्रूट बिअर’ करायचे व्हिडिओ धडाधड येतात. लग्नाच्या मांडवात त्याच नावाचं पेय पोरं-म्हातारी सगळी पितात. मग आपल्या गटाने ते का करू नये? बाटलीमागं चार पैसे सुटतील की.

प्रश्न रास्त आहे. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळं होता येत नाही, कारण ‘फ्रूट बिअर’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या आणि केल्या जातात. एक गुन्हा आहे, एक घरच्यापुरती बरी आहे आणि एक गटाच्या धंद्याला योग्य आहे. कुठली कुठे बसते हे कळायचं तर बाटली का फुगते ते आधी समजून घ्यावं लागेल.

खरी बिअर कशी होते ते थोडक्यात सांगतो. बार्ली म्हणजे जव भिजवतात, त्याला मोड आणतात, वाळवतात आणि भरडतात. इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हे तर आपलं नाचणी सत्त्व! बरोबर आहे. मोड आले की धान्य स्वतःच्या पिठाची साखर करायला लागतं, म्हणून तर मोडाच्या नाचणीचं सत्त्व लहान बाळाला गोड लागतं आणि पचतंही. जवाचा हा भरडा गरम पाण्यात मुरवला की गोड पाणी सुटतं. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं उकळतात, गार करतात आणि यीस्ट घालतात. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बुरशीच्या जातीची जिवंत पेशी. पावात असते, इडलीच्या पिठातही थोडी असते, आणि द्राक्षाच्या, जांभळाच्या सालीवर तर आपण न घालताच बसलेली असते. ती साखर खाते आणि दोन गोष्टी टाकते, अल्कोहोल आणि वायू. बेल्जियम देशात अशी बिअर लाकडी पिंपात भरून तिच्यात आंबट चेरी किंवा रासबेरी घालून महिनोन्‌महिने ठेवतात. अस्सल फळांची बिअर ती. तिच्यात अल्कोहोल असतंच.

मांडवातली ‘फ्रूट बिअर’ याच्या अगदी उलट. तिच्यात आंबवणं नाही, जव नाही, यीस्ट नाही. साखरेचं पाणी, रंग, वास, कधी थोडा फळाचा रस, आणि सिलिंडरमधून दाबून भरलेला वायू. नुसत्या नावापुरती बिअर. सफरचंदाच्या वासाचं सोडावॉटर म्हटलं तरी चालेल.

तिसरी या दोघींच्या मधली. व्हिडिओत बहुतेक हीच दाखवतात. आलं, साखर आणि पाणी आंबवून त्याचं विरजण करायचं, ते फळांच्या गोड पाण्यात घालायचं आणि बाटली बंद करून ठेवायची. इंग्लंडात अठराव्या शतकापासून आल्याची बिअर अशीच व्हायची. घरोघरी विरजण जपायचे, शेजारणीला द्यायचे, दगडी बाटल्यांत पेय भरायचे. 1892 साली हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने या विरजणाचा अभ्यास छापला. त्यात यीस्ट आणि दह्यात असतात तशा जातीचे जिवाणू एकमेकांच्या संगतीने राहतात, हे त्याने दाखवून दिलं. म्हणून त्या पेयाला फेसही येतो आणि आंबटपणाही.

आता हिशेब. हा नीट ऐका, कारण सगळी मेख इथेच आहे.

यीस्टने 10 ग्रॅम साखर खाल्ली की साधारण 5 ग्रॅम अल्कोहोल आणि 5 ग्रॅम वायू तयार होतो. निम्मं निम्मं समजा. 5 ग्रॅम वायू म्हणजे अडीच लिटरहून जास्त जागा व्यापणारा वायू, आणि तो एका लिटरच्या बाटलीत कोंडलेला. तेवढा वायू असला की पेयाला बिअरसारखा छान फेस येतो. पण त्याच वेळी त्या एक लिटरात अल्कोहोल किती झालं? अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. आणि अन्न सुरक्षेच्या नियमात रेघ नेमकी तिथेच आहे. 0.5 टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तर ते पेय मद्य धरलं जातं.

लक्षात आलं ना? नुसत्या आंबवण्यातून चांगला फेस आणायचा म्हटलं की आपण रेघेवर जाऊन उभ्या राहतो. वायू वेगळा आणि अल्कोहोल वेगळं असं यीस्टला जमत नाही. ‘आमच्या पेयाला नैसर्गिक फेस आहे आणि अल्कोहोल अजिबात नाही’ असं व्हिडिओतली बाई छातीठोकपणे सांगते, तेव्हा ती मोजून सांगत नसते. दह्याच्या जातीचे जिवाणू थोडी साखर आपल्याकडे ओढतात, थोडा फरक पडतो, पण त्यावर धंदा उभा करता येत नाही.

आणि बाटली उन्हात राहिली तर? एक लिटर पेयात आपण साधारण 60 ग्रॅम साखर घालतो. ती सगळी खाल्ली गेली तर अल्कोहोल चार टक्क्यांवर जातं. म्हणजे दुकानातल्या साध्या बिअरच्या आसपास. वायू होतो पंधरा लिटर. तो मावायचा कुठे? त्याच्या कितीतरी आधी बाटली फुटते. काचेची असेल तर तुकडे चहूकडे उडतात. भर उन्हाळ्यात बंद बाटलीतला दाब मोटारीच्या टायरातल्या हवेपेक्षा सहज जास्त होतो, आणि टायर निदान जाड रबराचा असतो. म्हणून सॉसच्या, मधाच्या, औषधाच्या काचेच्या बाटल्या या कामाला घेऊ नका. दारूच्या रिकाम्या बाटल्या तर नकोतच. काचेचा धोका आहेच, शिवाय तसली बाटली घरात फळीवर ठेवून तिच्यातून पोरांना पेय द्यायचं हे आम्हाला काही रुचत नाही.

कायद्याचं आता बोलू. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी अधिनियम आहे. पूर्वी त्याला मुंबई दारूबंदी कायदा म्हणत. परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. घरच्यापुरती केली, विकली नाही, पाहुण्यांना दिली, अशी सबब तिथे चालत नाही. आणि त्या कायद्याने दारूची व्याख्या फार रुंद केली आहे. स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेली द्रव्यं, सगळी त्यात येतात. परदेशात अनेक ठिकाणी घरच्यापुरती बिअर करायला मुभा आहे, तिथले व्हिडिओ आपल्या मोबाईलवर दिसतात आणि गैरसमज होतो. व्हिडिओ सगळीकडे पोचतो, त्याच्याबरोबर तिथला कायदा येत नाही. म्हणून जव आणि हॉप्स आणून, यीस्टची पुडी मागवून, आठ-पंधरा दिवस आंबवून खरी बिअर करायचा विचार कुठल्याही गटाने करू नये. कृती आम्ही मुद्दामच देत नाही.

काही जणी विचारतील, घरी आंबवलेलं विषारी होतं का? दारूकांडाच्या बातम्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली. ती माणसं मिथेनॉलने गेली. हे कारखान्यात वापरायचं विषारी अल्कोहोल आहे. ते फळं आंबवून तेवढं होत नाही, स्वस्तात नशा वाढवायला बाहेरून मिसळलं जातं. तेव्हा आल्याच्या विरजणाने कुणाचे डोळे जाणार नाहीत. पण म्हणून हातभट्टी बरी असं कुणी त्यातून काढू नका. काळा गूळ, नवसागर, गंजके डबे आणि मोजमाप काही नाही, त्यात काय उतरतं हे गाळणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता घरच्यापुरतं, त्याच दिवशी पिऊन संपवायचं, हलकं फसफसणारं पेय. हे आपल्या आंबिलीच्या नात्यातलं आहे. लेशमात्र अल्कोहोल पिकलेल्या केळ्यात आणि पावातही सापडतं. मुद्दा तो वाढू न देण्याचा आहे.

आधी विरजण. काचेच्या स्वच्छ बरणीत अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या. नळाच्या पाण्यात जंतुनाशक असतं, त्याने यीस्टही मरते, म्हणून उकळून घ्यायचं. ताजं आलं वरवर धुवा, साल काढू नका. यीस्ट सालीवरच असते, ती खरवडून टाकली तर उरलं काय? पोह्यांचा एक चमचा किसलेलं आलं आणि तेवढीच साखर घाला, ढवळा, तोंडाला फडकं बांधा. झाकण घट्ट लावू नका. रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर घालायची आणि ढवळायचं. उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी, थंडीत सहाव्या-सातव्या दिवशी वर बुडबुडे दिसतात आणि ढवळलं की सूं असा आवाज येतो. वास आल्याचा आणि जरा आंबूस यायला हवा. वर काळी, हिरवी किंवा केसाळ बुरशी धरली, किंवा कुजका वास आला, तर सगळं फेकायचं. वरचं काढून खालचं वापरायचं नाही. लोणच्याच्या बाबतीतही आम्ही हेच सांगत आलोय.

पेयासाठी तीन पेले पाण्यात दोन बोटांएवढं आलं ठेचून घाला, पोह्यांचे पाच चमचे साखर घाला आणि दहा मिनिटं उकळा. मग पूर्ण गार होऊ द्या. हात लावून कोमट वाटलं तरी थांबा. गरम पाण्यात विरजण घातलं की यीस्ट मरते आणि मग ‘आमचं फसफसलंच नाही’ असा निरोप येतो. गार झाल्यावर एक पेला फळाचा रस घाला. जांभूळ हाताने कुस्करून बिया काढून गाळायचं. करवंदं पिकलेली हवीत, थोडं पाणी घालून कुस्करायची, चीक जास्त वाटला तर रस तासभर ठेवून वरचा घ्यायचा. कोकमाचं आगळ मात्र घेऊ नका, त्यात मीठ असतं आणि जास्त मिठात यीस्टचं काम मंदावतं. ताजी कोकमाची सालं पाण्यात भिजवून तो रस घ्या. कैरीचं पन्हंही चालतं, पण त्यात मीठ शेवटी, पिताना. मग एका लिंबाचा रस आणि अर्धी वाटी गाळलेलं विरजण.

भरायचं ते कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीत. पाण्याची बाटली नको, ती पातळ असते आणि दाब धरायला केलेली नसते. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ पाहा, त्याला पाच पायांसारखे उंचवटे असतात, ते दाबासाठीच. वर चार बोटं जागा सोडा, बूच लावा आणि सावलीत ठेवा. आता दर चार तासांनी बाटली अंगठ्याने दाबून बघायची. सुरुवातीला दबते. जराशी ताठ वाटायला लागली, पण अजून दबते आहे, अशा वेळी थांबायचं. मे महिन्यात याला रात्रभरही पुरतं, डिसेंबरात दोन दिवस लागतात. दगडासारखी टणक व्हायची वाट पाहू नका. मघाचा हिशेब आठवा, जितका वायू तितकं अल्कोहोल. बाटली ताठ होणं म्हणजे आत काय वाढतंय याचं ते मापच आहे. कमी फेस, जास्त चव, असा आमचा कल आहे.

मग लगेच फ्रीजमध्ये, आणि त्याच दिवशी संपवायचं. थंडीत यीस्ट मरत नाही, झोपते. फ्रीज नसेल तर बाटली ओल्या फडक्यात माठाजवळ ठेवून भागत नाही, तिथे काम चालूच राहतं. अशा घरी थोडंच करावं आणि तयार झाल्या तासाला प्यावं. एखादी बाटली विसरली आणि फुगून टणक झाली, तर ती हलवू नका. फडकं टाकून, तोंड लांब धरून, बूच अगदी हळू सैल करा, वायू जाऊ द्या आणि आतलं ओतून टाका. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून कुणाला पाजू नका.

कुणी पिऊ नये, ते आता नीट ऐका. लहान मुलं, गरोदर बाई आणि ज्यांना यकृताचा त्रास आहे त्यांना हे देऊ नये. आणि ज्या घरातला माणूस दारू सोडतो आहे किंवा सोडून बसला आहे, त्या घरात हे करूच नये. दारू सोडण्यासाठी डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यातल्या काहींवर थोडं अल्कोहोल पोटात गेलं तरी तोंड लाल होतं, धडधड होते, उलट्या होतात, जीव घाबरा होतो. औषधाचा भाग सोडला तरी आंबूस वास आणि फेसाळ पेला त्या माणसाला काय आठवण करून देतो हे त्याच्या बायकोला सांगायला नको. तिने किती वर्षं वाट पाहिलेली असते. अशा घरी लिंबू सरबतच बरं.

आता गटाच्या धंद्याकडे येऊ, कारण मूळ प्रश्न तोच होता. आंबवलेलं पेय विकू नका, हे आमचं स्पष्ट मत. दर बाटलीत अल्कोहोल किती, ते घरी मोजता येत नाही. सकाळी भरलेली बाटली दुपारी जत्रेच्या उन्हात वेगळीच झालेली असते. कुणी तपासायला आलं आणि रेघेच्या वर सापडलं, तर गटाच्या अध्यक्ष-सचिवांना कोर्टाच्या खेटा. कुणाच्या हातात बाटली फुटली तर त्याहून वाईट.

त्याऐवजी फळाचा पाक करा आणि फेस सोड्यातून आणा. रसात साखर घालून आटवत शंभरात पासष्ट भाग साखर असा दाट पाक केला की त्यात यीस्ट वाढत नाही, कारण एवढी साखर तिच्यातलंच पाणी ओढून घेते. मुरंबा टिकतो तो याच कारणाने. असा जांभळाचा-आल्याचा पाक गरम असतानाच उकळून कोरड्या केलेल्या बाटल्यांत भरायचा. लिंबाचा रस घातला की रंगही धरतो. स्टॉलवर एक भाग पाक, चार भाग गार सोडा, वर चिमूट काळं मीठ आणि भाजल्या जिऱ्याची पूड. चव मांडवातल्या रंगीत पाण्यापेक्षा कितीतरी सरस, फेस हवा तेवढा आणि अल्कोहोलचा प्रश्नच नाही. सोडा आयता आणला तरी परवडतं. जत्रेत खप चांगला दिसला तर मग यंत्राचा विचार करा, आधी नको. विक्रीसाठी अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र लागतेच, छोट्या गटालाही. बाटलीवर घटक, वजन, बनवल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक छापायचा.

आणि नाव? ‘बिअर’ हा शब्द लेबलावर घालू नका. खपेल जरा जास्त, हे आम्हालाही कळतं. पण आपल्याच कितीतरी गावांत बायांनी रांगा लावून आडव्या बाटलीला मतं दिली आहेत. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवी बाटली केली की गावातलं परवान्याचं दुकान बंद होतं, त्यासाठी एकेका आळीतून म्हाताऱ्यांना उचलून मतदानाला आणलंय. त्याच बायांच्या गटाने शाळेसमोर ‘बिअर’ लिहिलेली बाटली मांडली, तर उद्या दुकान पुन्हा मागायला येणारा पहिलं बोट तिच्याकडेच दाखवेल. ‘जांभूळ-आलं सोडा’ म्हणा. ‘करवंद फसफस’ म्हणा. मुलं असलं नाव लगेच उचलतात.

शिरक्याबद्दलही विचारणा झाली. जांभळाचा शिरका आंबवूनच होतो आणि त्याला भाव बरा मिळतो. साखरेचं आधी अल्कोहोल होतं आणि मग उघड्या हवेत वेगळे जिवाणू त्याचं आंबट आम्ल करतात. म्हणजे मधला मुक्काम दारूचाच. विकायच्या शिरक्यात आम्ल किमान 3.75 टक्के असावं लागतं, तेही तपासून घ्यावं लागतं. म्हणून गटाने त्यात पडण्याआधी अन्न विभागाकडे आणि उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी विचारणा करावी, उत्तर आल्याशिवाय पिंप भरू नये. त्यावर एक वेगळं भाषण करू.

जांभळाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि जेमतेम महिनाभर टिकतो. पाकाची पहिली चाचणी करवंदांवर मे महिन्यातच करून पाहा, दोन किलोपुरती. चार घरी चव द्या, गोड जास्त की आलं जास्त ते विचारा, मग प्रमाण वहीत लिहून ठेवा. आणि घरी विरजण केलंच असेल तर ते आठवड्यातून एकदा एक चमचा आलं, एक चमचा साखर एवढ्यावर फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने जगतं. जास्त झालं तर शेजारणीला अर्धी वाटी द्या, पण बाटली दाबून बघायचं कसं तेही तिला बरोबर सांगा.